आईला शिकवलेलं वाक्य

“हिच्याकडे बघा,” साहेब म्हणाले. “ही त्यांच्यातली शिकलेली आहे. मग बाकीच्या कशा असतील, कल्पना करा.”

इंग्रजीत म्हणाले. हातातलं पेन माझ्याकडे रोखून म्हणाले. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर चार चौकटी होत्या. एकीत नेदरलँड्सची आनेके, एकीत मनिलाचा जोएल, उरलेल्या दोन्हींत पुण्याच्या ऑफिसातली माणसं. पुण्याची माणसं मोकळेपणी हसली. जोएल ओठांतल्या ओठांत हसला. आनेके हसली नाही. तिने मान कलती करून माझ्याकडे बघितलं, कुत्र्याच्या पायाला लागलं की बघतात तसं. खोलीत टेबलाभोवती आम्ही सहा जण होतो. बाकीचे पाचही हसले.

आणि मीही हसले.

हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढचं सगळं खोटं होईल. मी हसले. दात दाखवून हसले. माझ्या आईला, मावशीला, पाड्यातल्या सगळ्या बायकांना एका वाक्यात मूर्ख ठरवलं गेलं आणि त्यांची शिकलेली पोर खुर्चीच्या कडेवर बसून हसली. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

मी धडगावच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यातली. भिलाची मुलगी. दहावीपर्यंत आश्रमशाळा, मग शहाद्याला कॉलेज, मग समाजकार्याची पदवी. त्या पदवीवर मला नंदुरबारजवळच्या एका निर्यात कंपनीत नोकरी लागली. कंपनी मिरची आणि आमचूर परदेशात पाठवते. आमचूर आमच्या डोंगरातला. उन्हाळ्यात बायका कैऱ्या सोलतात, चिरतात, खडकावर वाळवतात. परदेशात त्याच्या पाकिटावर डोंगराचं चित्र असतं आणि खाली ‘आदिवासी महिलांच्या हातचं’ असं लिहिलेलं असतं.

माझ्या कार्डावर ‘कम्युनिटी कोऑर्डिनेटर’ असं होतं. खरं काम वेगळं. साहेब किंवा परदेशी पाहुणे डोंगरात आले की पुढे चालायचं, कुत्री हाकलायची, बायकांना गोळा करायचं आणि या तोंडचं त्या तोंडाला पोचवायचं. घरी भिली, सुपरवायझर दगाअप्पांशी अहिराणी, साहेबांशी मराठी, आनेकेशी इंग्रजी. चार भाषा येणारी त्या ऑफिसात मी एकटीच होते. तरी मीटिंगचा चहा आला की साहेब कप माझ्या पुढ्यात सरकवायचे आणि म्हणायचे, “तू जरा दे ना सगळ्यांना.”

साहेब पुण्याचे. ऑफिसात सगळ्यांना अहो-जाहो, मला अगं. डबा खाताना एकदम विचारायचे, “तुमच्यात उंदीर खातात म्हणे, खरं का गं?” सगळे माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचे, “काही जण खातात, सर.” मग मी डबा बंद करायचे. परदेशी पाहुणे यायचे असले की आदल्या दिवशी सांगायचे, “उद्या ते तुमचं चांदीचं घालून ये. छान दिसतं फोटोत.” मी घालून जायचे. आईचं घालायचे. तिला सांगायचे, ऑफिसात कार्यक्रम आहे.

आनेके आमचा माल घेणाऱ्या परदेशी कंपनीची. वाईट बाई नव्हती. दर कॉलच्या सुरुवातीला मला विचारायची, आज कसं वाटतंय. उत्तराला मात्र थांबायची नाही. पहिल्या वर्षी ती आली तेव्हा तिला माझ्या आईचा फोटो हवा होता. आई अंगणात लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. ती खुर्ची मी माझ्या पहिल्या पगारात घेतलेली. आनेके मला म्हणाली, त्यांना जमिनीवर बसायला सांगशील का, जास्त नैसर्गिक दिसेल. साहेबांनी ताबडतोब खुर्ची उचलून घराआड ठेवली. आईने माझ्याकडे बघितलं. आम्ही आईला याहा म्हणतो. मी म्हणाले, “याहा, खाली बस, उजेड तिथे चांगला आहे.” ती बसली. उजेड दोन्हीकडे सारखाच होता.

अशी मी. म्हणजे साहेबांनी माझा अपमान केला असं नुसतं लिहून चालणार नाही. पहिल्यापासून मी त्यांना तो करायला मदत करत होते.

आता लाह्याचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरून झालं.

आमच्याकडे मोठं काम एकट्या घराचं नसतं. पेरणी असो, घर शाकारणं असो, कैऱ्या चिरणं असो. निरोप जातो आणि पाड्यातली माणसं येतात. दिवसभर राबतात. ज्याचं काम तो जेवू घालतो. उद्या दुसऱ्याकडे, परवा तिसऱ्याकडे. त्याला लाहा म्हणतात. लाह्यात कोणी मालक नसतो आणि कोणी मजूर नसतो. लाह्यात कोणी मजुरीचा शब्द काढला तर ज्याचं घर आहे तो माणूस शरमेने मान खाली घालेल. म्हातारं माणूस असो की विधवा, कोणाच्याच कैऱ्या झाडाखाली सडत नाहीत, त्या लाह्यामुळे.

गेल्या उन्हाळ्यात आनेके तपासणीला आली. आमचूर करणाऱ्या बायकांना न्याय्य वागणूक मिळते की नाही, हे तिला स्वतः बघायचं होतं. त्या दिवशी माझ्या मावशीकडे, बुधीकडे, लाहा होता. आंब्याखाली चौदा बायका बसलेल्या. हातात सुऱ्या, तोंडाने अखंड बडबड. आई होतीच.

जीपमधून उतरताना साहेबांनी मला बजावलं होतं. “एक वाक्य त्यांचं, एक वाक्य तुझं. मध्ये तुझं ज्ञान नको. तू फक्त भाषांतर करायचं. कळलं?”

कळलं म्हणाले.

आनेकेने बायकांच्या शेजारी बसून विचारलं, “आजच्या दिवसाचे तुम्हाला किती पैसे मिळतील?”

मी विचारलं. बायका खो खो हसल्या. बुधीमावशी म्हणाली, “पैसे? कोण देणार? मी?” पुन्हा हशा.

मी सांगितलं, “काहीच मिळत नाहीत.”

आनेकेने लिहिलं. मी तोंड उघडलं. हा लाहा आहे, हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. साहेबांनी बोट वर केलं. नुसतं एक बोट. मी तोंड मिटलं.

“यायचं नसेल तर नकार देता येतो का?” आनेकेने विचारलं.

मी विचारलं. बायकांनी चिरणं थांबवून एकमेकींकडे बघितलं. हा कसला प्रश्न, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. लाह्याला न यायचं म्हणजे काय? मग आईच म्हणाली, “न येऊन कसं चालेल? यावंच लागतं.”

एक वाक्य त्यांचं, एक वाक्य माझं. मी सांगितलं, “नकार देता येत नाही. त्यांना यावंच लागतं.”

शब्दाला शब्द बरोबर होता. आनेकेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने बुधीमावशीचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मावशी घाबरली. मला भिलीत म्हणाली, “हिला काय झालं गं? हिच्या घरचं कोणी गेलं का?” आणि उठून तिने आनेकेला तांब्याभर पाणी आणून दिलं. आनेके पाणी प्यायली नाही. तिला बाहेरचं पाणी चालत नव्हतं.

दोन आठवड्यांनी अहवाल आला. डोंगरातल्या महिलांकडून सक्तीने, विनामोबदला काम करून घेतलं जातं. खुलासा होईपर्यंत तिथली सगळी खरेदी बंद.

त्या अहवालावर तो कॉल होता. मी धीर करून म्हणाले, “मॅडम, ते काम लाह्याचं होतं, तो आमच्यातला...” आणि साहेबांनी मला अडवलं. त्यांनी बोट वर केलं होतं, हे त्यांना सांगायचं नव्हतं. म्हणून त्यांनी ते वाक्य टाकलं. हिच्याकडे बघा. बायका अडाणी आहेत, दुभाषी मुलगी कच्ची आहे, प्रश्न कोणालाच कळला नाही. पंधरवड्यात आम्ही नवीन पुरावा देतो.

कॉल संपल्यावर माझ्या फोनवर जोएलचा निरोप आला. जोएल मनिलातून आमची निर्यातीची कागदपत्रं बघायचा. रोज बोलायचो, पण कामापुरतं. त्याने लिहिलं होतं, “माझ्या आजीच्या गावात पण असंच असतं. एकाचं घर हलवायचं तर सगळं गाव येतं. तू काय सांगत होतीस ते मला कळलं. मी असं म्हणालो हे कृपया कोणाला सांगू नकोस.”

मला आधी बरं वाटलं. मग संताप आला. कळलं होतं तर हसलास का? मी तसं लिहिलं आणि पाठवलं नाही, पुसून टाकलं. कारण उत्तर मला माहीत होतं. मी ज्यासाठी हसले त्याचसाठी तो हसला.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. एक कागद दिला. त्यावर मराठीत तीन वाक्यं होती. “आम्ही अडाणी बायका आहोत. मॅडमचा प्रश्न आम्हाला समजला नाही. आम्ही रोजंदारीवर काम करतो.”

“चार-पाच जणींचा व्हिडिओ घेऊन ये,” साहेब म्हणाले. “मराठीतच हवा. तुमची ती भाषा आम्हाला तपासता येत नाही.”

“सर, त्या रोजंदारीवर नाहीत. आणि त्यांना मराठी येत नाही.”

“मग शिकव. पोपट शिकतो, तीन वाक्यं येतील की.”

बाहेर दगाअप्पा उभे होते. अप्पा आमच्या युनिटचे सुपरवायझर, धानोऱ्याचे, घरची शेती. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, “बहीण, तू त्यासना नादले लागू नको. साहेबले जे पाहिजे ते दी दे न मोकयी व्हय. तुन्हा डोंगरना मानसंसले काय फरक पडस? दोन शब्द बोली जातीन न इसरी जातीन.”

“अप्पा, तुमच्या आईला असं बोलायला लावाल?”

अप्पा चिडले. “मन्ही मायनं नाव कसाले काढस? तिन्हं अलग शे.”

अलग शे. अप्पा मला बहीण म्हणायचे आणि मनापासून म्हणायचे. तरी त्यांची आई वेगळी आणि माझी वेगळी, हे त्यांना इतकं सरळ दिसत होतं की त्यात काही चुकलं असं त्यांच्या मनातही आलं नाही. पण मी तरी कोणत्या तोंडाने बोलत होते? कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने धडगावला निघाले. तिथून जीप. घाटात जीपच्या मागच्या फळीवर अवघडून बसल्या बसल्या मी ती तीन वाक्यं कुठे तोडली तर याहाला सोपी जातील, याचा विचार करत होते.

घरी आई, बुधीमावशी आणि शेजारच्या दोघी जमल्या. मी सांगितलं, ऑफिसला व्हिडिओ पाहिजे. नाही मिळाला तर आपला आमचूर घेणार नाहीत आणि माझी नोकरी जाईल. आमचं बोलणं भिलीत झालं, इथे मराठीत लिहिते आहे.

मावशीने विचारलं, “काय बोलायचं?”

मी पहिलं वाक्य म्हटलं. आम्ही अडाणी बायका आहोत.

“म्हणजे काय?”

मला खोटं सांगता आलं असतं. उजेडाचं सांगितलं होतं तसं. पण चौघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि या वेळी माझी जीभ वळली नाही. मी अर्थ सांगितला. ज्यांना काही कळत नाही अशा बायका.

मावशी उठली. “मला कळत नाही?” ती म्हणाली. “त्या गोरीला कळलं नाही. रडत बसली. मी पाणी दिलं.” आणि निघून गेली. शेजारच्या दोघी तिच्या मागोमाग गेल्या.

आई राहिली.

“तुझी नोकरी जाईल?” तिने विचारलं.

“जाईल.”

“मग मी बोलते. मला शिकव.”

आणि मी शिकवलं. माझ्या हाताने. आई चुलीपुढे बसून एकेक शब्द घोकत होती. ‘अडाणी’ तिला लगेच आलं. ‘आम्ही’ येईना, ती ‘आमी’ म्हणायची, आणि मी तिला दुरुस्त करत होते. मी! आश्रमशाळेत मास्तर मला असंच दुरुस्त करायचे आणि चुकलं की पट्टी मारायचे. आईने तोंड धुतलं, चांगलं लुगडं नेसली, पदर डोक्यावर घेतला आणि ताठ बसली. मी फोन धरला. तिने तिन्ही वाक्यं न अडखळता म्हटली. एकदाही चुकली नाही. आम्ही अडाणी बायका आहोत.

मग तिचा चेहरा उजळला. पहिल्यांदा मराठीत इतकं सलग बोलली होती. तिने मला विचारलं, “बरोबर आलं का गं?”

मला तिच्याकडे बघवेना. मी तिथेच बसले आणि रडले, मोठ्याने रडले. आईला वाटलं तिचं काहीतरी चुकलं. म्हणाली, “पुन्हा बोलू का?”

“नको,” मी म्हणाले. “पुन्हा कधीच नको.” तिच्यासमोर तो व्हिडिओ पुसला आणि फोन तिच्या हातात दिला, पुसला गेलाय हे तिनेही बघावं म्हणून. तिला वाचता येत नाही. पण ती बघत राहिली आणि मग म्हणाली, “तुझ्या नोकरीचं काय?”

ठरलेल्या दिवशी दुपारी कॉल लागला. त्याच चार चौकटी. साहेब म्हणाले, “आता आमची मुलगी व्हिडिओ दाखवेल.”

मी उभी राहिले. खरं तर उभं राहायची गरज नव्हती, पण बसून मला ते बोलताच आलं नसतं. माझं इंग्रजी साधं आहे. साध्याच वाक्यांत बोलले.

“व्हिडिओ नाही. मी माझ्या आईला खोटं बोलायला शिकवलं. मग ते पुसलं. त्या बायका मजूर नाहीत. ते काम त्यांचं स्वतःचं होतं. आज एकीकडे, उद्या दुसरीकडे. आनेके, तू मजुरी किती असं विचारलंस. घर कोणाचं असं विचारलं नाहीस. मी सांगणार होते. साहेबांनी मला गप्प केलं आणि मी गप्प बसले. प्रश्न बायकांना कळला होता. उत्तर तुम्हाला कळलं नाही.”

साहेबांचा चेहरा लाल झाला होता.

आनेकेने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, तुझ्या भावनांचा मी आदर करते. मग म्हणाली, पण आमच्या फॉर्ममध्ये काम एकतर मोबदल्याचं असतं किंवा बिनमोबदल्याचं. तिसरा रकाना नाही. आणि पुढे म्हणाली, बायकांना त्यांच्या हक्कांची जाणीव करून द्यायला एखादं प्रशिक्षण ठेवू या, तू मदत करशील का?

म्हणजे साहेबांच्या लेखी आम्ही मूर्ख, हिच्या लेखी आम्ही गुलाम. तिसरा रकाना दोघांकडेही नव्हता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुण्याच्या माणसाने मूर्ख म्हटलं तर निदान तोंडावर म्हटलं. ही हात धरून, डोळ्यांत पाणी आणून तेच म्हणत होती.

“नाही,” मी म्हणाले. “प्रशिक्षण तुम्हाला पाहिजे.”

मी जोएलच्या चौकटीकडे बघितलं. तो खाली बघत होता. मी थांबले. त्याला एक वाक्य बोलायला पुरेल इतका वेळ थांबले. तो बोलला नाही. मी त्याचं नाव घेतलं नाही. घ्यायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं.

साहेबांनी रिमोटने पडदा बंद केला. “संध्याकाळपर्यंत माफीनामा लिहून दे,” म्हणाले. “नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. आणि बस खाली.”

मी बसले नाही. माफीनामा लिहिला नाही. गळ्यातलं कार्ड टेबलावर ठेवलं आणि चालत बाहेर आले. दगाअप्पा गेटपाशी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

कोणी म्हणेल, शाबास. शाबासकीसारखं काही झालेलं नाही. आमच्या पाड्याचं नाव कंपनीच्या यादीतून गेलं. बायका आमचूर धडगावच्या व्यापाऱ्याला देतात, तो देईल त्या भावाने. शेजारच्या दोघींनी मला तोंडावर सांगितलं, तुझ्या तोऱ्यापायी आमचं गिऱ्हाईक गेलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी आता धडगावात बायकांचे अर्ज लिहून देते आणि कचेरीत त्यांच्याबरोबर उभी राहून त्यांचं बोलणं सांगते. साहेब जागेवर आहेत. आनेके जागेवर आहे. लाहा अजून होतो, बुधीमावशीकडेही झाला.

गेल्या महिन्यात कंपनीने एक व्हिडिओ नेटवर टाकला. मी तो फोनवर बघितला. दुसऱ्या खोऱ्यातली एक बाई आहे, माझ्या आईच्या वयाची. पदर डोक्यावर, ताठ बसलेली. ती मराठीत म्हणते, “आम्ही अडाणी बायका आहोत. आधी आम्हाला काही कळत नव्हतं. कंपनीने आम्हाला शिकवलं.” एकदाही अडखळत नाही. खाली इंग्रजीत अक्षरं आहेत आणि त्याखाली परदेशातल्या लोकांनी टाकलेले लाल बदाम.

मी तो सात-आठ वेळा बघितला. तिच्या मागची टेकडी आणि हातपंप बघून गाव ओळखलं. तिथवर जीप जात नाही, शेवटी दोन तास चालावं लागतं. येत्या सोमवारी मी निघणार आहे. त्या बाईपुढे बसून तो व्हिडिओ लावणार आहे आणि तिच्या तोंडी काय घातलंय ते तिला तिच्या भाषेत, शब्दाला शब्द सांगणार आहे. मग तिला काय म्हणायचंय ते विचारणार आहे. ती जे बोलेल ते मी इंग्रजीत लिहीन, त्यातलं काहीही वगळणार नाही, शिवी दिली तर शिवीसुद्धा, आणि त्या सगळ्या चौकटींना पाठवीन.